आधी तेल, मग न्हाणे : रंगविलेल्या केसांची निगा

तृतीय वर्ष, कला

केसांना कलप लावणे ही एके काळी फक्त पिकल्या केसांची गोष्ट होती. चाळिशी उलटली, कानशिलाशी पांढरी झाक दिसू लागली, की पुरुषमंडळी न्हाव्याकडे आणि बायका घरच्या घरी, दार लोटून, कलप लावीत. त्याविषयी चारचौघांत कोणी बोलत नसे. आता चित्र पालटले आहे. स्नेहसंमेलन जवळ आले की आपल्याच वर्गात तांबूस, तपकिरी आणि सोनेरी बटा दिसू लागतात. ह्यात मुलगेही मागे नाहीत. रंग चढवायला तास-दीड तास पुरतो. त्यानंतर सुरू होणारी कहाणी मात्र कित्येक महिने चालते. केस राठ होतात, विंचरताना तुटतात, टोके दुभंगतात आणि शेवटी ‘माझ्या केसांचा अगदी काथ्या झाला’ असे उद्गार कानी येतात.

अशा वेळी दोन प्रकारचे सल्ले मिळतात. घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात, ‘रोज तेल लाव, केस पहिल्यासारखे होतील.’ मैत्रिणी म्हणतात, ‘तेलाने काही होत नाही, उगीच चिकट मात्र होतात.’ पहिल्या सल्ल्यात श्रद्धा आहे, दुसऱ्यात अनुभव आहे. आणि दोन्हींत थोडे थोडे तथ्यही आहे. तेल नेमके काय करू शकते, काय करू शकत नाही आणि ते केव्हा लावले असता उपयोगी पडते, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. विषय घरगुती आहे, पण त्यामागचे शास्त्र समजून घेण्यासारखे आहे.

केस म्हणजे काय?

केसाचा जिवंत भाग त्वचेच्या आत, मुळाशी असतो. तेथे पेशी तयार होतात, वर सरकता सरकता कठीण होतात आणि मरतात. डोक्यावर आपल्याला जो केस दिसतो तो नखाप्रमाणेच निर्जीव असतो. म्हणूनच तो कापताना दुखत नाही. त्याला रक्त पोचत नाही, मज्जातंतू पोचत नाही आणि अन्नरसही पोचत नाही. हात कापला तर जखम आठवडाभरात भरून येते. केसाला झालेली इजा मात्र कधीच भरून येत नाही, कारण ती भरून काढणारे तेथे कोणी जिवंत नसते.

डोक्यावरील केस महिन्याला साधारणपणे १ सेंटिमीटर वाढतो. ह्या एका आकड्यावरून बरेच काही समजते. एखाद्या मुलीची वेणी ६० सेंटिमीटर लांब असेल, तर तिच्या टोकाचे केस ५ वर्षांपूर्वी डोक्याबाहेर आलेले असतात. तिसऱ्या वर्षाला असलेल्या आपल्यासारख्या मुलीच्या वेणीचे टोक दहावीतले असते! तेव्हापासूनचे ऊन, धूळ, साबण, कंगवा आणि कलप ह्या सगळ्यांचा मारा त्या टोकाने सोसलेला असतो. मुळाजवळचा केस मात्र गेल्या महिन्यातला, कोरा करकरीत असतो. एकाच केसाच्या दोन टोकांची प्रकृती अशी वेगवेगळी असते, हे निगा राखताना विसरता कामा नये.

केसाची रचना पाहू या. बाहेर कवच आणि आत गाभा, असे त्याचे दोन मुख्य भाग असतात. कवच हे पारदर्शक, पातळ खवल्यांचे बनलेले असते. कोकणातल्या घरावर जशी कौले एकावर एक चढवलेली असतात, तसे हे खवले सहा-आठ थरांत एकमेकांवर बसलेले असतात आणि त्यांची मोकळी कड केसाच्या टोकाकडे असते. सर्वांत बाहेरच्या खवल्यांवर स्निग्ध पदार्थाचा एक अत्यंत तलम थर असतो. तो वरून फासलेला नसतो, रासायनिक बंधाने खवल्याला जोडलेला असतो. निरोगी केसाची चकाकी, त्याचा गुळगुळीतपणा आणि पाणी झटकून टाकण्याचा त्याचा गुण ह्या थरामुळे येतो. आतला गाभा केराटिन नावाच्या प्रथिनाच्या तंतूंचा असतो. हे तंतू गंधकाच्या बंधांनी एकमेकांशी सांधलेले असतात. केसाचा चिवटपणा त्यातून येतो. केसाला काळेपणा देणारे मेलॅनिनचे कणही ह्या गाभ्यातच असतात.

कलप आत शिरतो कसा?

आजच्या टिकाऊ कलपाची कुळी युरोपातील रंगरसायनांच्या शोधात आहे. १८५६ साली लंडनमध्ये विल्यम पर्किन ह्या अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याने क्विनीन बनविण्याच्या खटपटीत असताना योगायोगाने जांभळा रंग तयार केला आणि कृत्रिम रंगांचे युग सुरू झाले. पुढे १९०७ साली पॅरिसमध्ये युजीन श्युलर ह्या तरुण रसायनशास्त्रज्ञाने केसांसाठी कृत्रिम रंग तयार केला आणि १९०९ साली कंपनी काढली. आज जगभर प्रसिद्ध असलेली लोरेआल ती हीच. तिच्या पहिल्या नावाचा अर्थ ‘केसांच्या निरुपद्रवी रंगांची फ्रेंच कंपनी’ असा होता. ‘निरुपद्रवी’ हा शब्द नावातच घालण्याची गरज भासली, ह्यावरून गिऱ्हाइकांच्या मनात कोणती धास्ती होती ते कळून येते.

टिकाऊ कलपात दोन गोष्टी ऐनवेळी मिसळतात. एकीत अमोनिया किंवा त्याऐवजी वापरलेले दुसरे अल्कधर्मी द्रव्य आणि रंग घडविणारे लहान रेणू असतात. पॅरा-फेनिलीन-डाय-अमाइन, म्हणजेच पीपीडी, हा त्यांतला सर्वांत परिचित. दुसरीत हायड्रोजन पेरॉक्साइड असते. अल्कधर्मी द्रव्यामुळे केस फुगतो आणि कौले उचलली जातात. त्या फटींतून लहान रेणू गाभ्यात शिरतात. पेरॉक्साइड एकीकडे मेलॅनिनचा काळेपणा उडविते, तर दुसरीकडे ह्या लहान रेणूंना एकमेकांशी जोडून मोठे रंगीत रेणू बनविते. मोठे झालेले रेणू आल्या वाटेने सहजासहजी बाहेर पडू शकत नाहीत. रंग टिकतो तो त्यामुळे.

पण ह्या व्यवहाराची किंमत केसाला मोजावी लागते. पृष्ठभागावरचा तो स्निग्ध थर बऱ्याच अंशी निघून जातो. गाभ्यातील गंधकाचे काही बंध तुटतात. उचललेली कौले पुन्हा पूर्वीसारखी घट्ट बसत नाहीत. केस सच्छिद्र होतो, पाणी भराभर शोषतो, आणि एका केसाची कड दुसऱ्याला अडकून गुंता वाढतो. काळ्या केसावर काळा कलप लावला तर मेलॅनिन फारसे उडवावे लागत नाही, म्हणून नुकसान बेताचे असते. उलट, आपल्या काळ्याभोर केसांवर सोनेरी किंवा लालभडक बटा हव्या असतील तर आधी मूळचा रंग भरपूर उडवावा लागतो. तेथे नुकसान सर्वांत जास्त. ‘अमोनियामुक्त’ असे खोक्यावर छापलेले असले तरी फसू नये. अमोनियाचा उग्र वास नसला तरी केस फुगविणारे दुसरे द्रव्य त्यात असतेच.

निव्वळ मेंदीची गोष्ट वेगळी. मेंदीच्या पानातील लॉसोन हे रंगद्रव्य पेरॉक्साइडच्या मदतीवाचून केराटिनला चिकटते. मेंदीने केस कोरडे वाटू शकतात, पण गाभ्याचे सांधे तुटत नाहीत. मात्र बाजारात ‘काळी मेंदी’ म्हणून जे विकले जाते त्यात पुष्कळदा पीपीडीच असते. मेंदी कधी काळी नसते, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

बोटांनी करून पाहावयाच्या दोन परीक्षा

वरील विवेचन पुस्तकी वाटत असेल, तर दोन साध्या परीक्षा प्रत्येकाला घरी करून पाहता येतील. त्यापूर्वी केस शॅम्पूने धुवून पूर्ण वाळवावेत आणि त्यांना तेल किंवा कंडिशनर लावू नये.

पहिली परीक्षा. गळलेला एक लांब केस घ्या. अंगठा आणि तर्जनी ह्यांच्या चिमटीत धरून मुळाकडून टोकाकडे बोटे फिरवा, नंतर टोकाकडून मुळाकडे फिरवा. पहिल्या वेळी बोटे सहज सरकतात, दुसऱ्या वेळी अडखळतात. डोळ्यांना न दिसणारी कौले अशी बोटांना कळतात. केस उलट्या दिशेने विंचरून फुगविण्याची जी पद्धत आहे, ती केसांना का मानवत नाही हेही ह्यावरून ध्यानात येईल.

दुसरी परीक्षा. केसांची एक बट सपाट विंचरून ताटलीवर ठेवा, आणि मुळाजवळच्या कोऱ्या भागावर व रंगविलेल्या टोकावर पाण्याचा एकेक थेंब सोडा. कोऱ्या भागावर थेंब अळवावरच्या पाण्यासारखा गोल राहतो. रंग उडविलेल्या भागात तो पसरतो आणि मुरतो. स्निग्ध थर कोठे शिल्लक आहे आणि कोठे गेला आहे, त्याचा हा डोळ्यांदेखतचा पुरावा होय.

तेल काय करते आणि काय करीत नाही

‘केसांना खतपाणी घालणे’ हा शब्दप्रयोग जाहिरातींनी आपल्या इतका अंगवळणी पाडला आहे, की केस म्हणजे एखादे रोप आहे आणि तेल म्हणजे त्याचे खत, अशी आपली समजूत होऊन बसली आहे. ही उपमाच चुकीची आहे. डोक्याबाहेरचा केस रोपापेक्षा वस्त्राला अधिक जवळचा. रेशमी पैठणीला आपण खत घालीत नाही. ती जपून घडी करतो, रगडून धूत नाही, उन्हात टाकीत नाही. तिचा तुटलेला धागा आपोआप जुळत नाही, पण शिल्लक धागे वर्षानुवर्षे टिकविता येतात. रंगविलेल्या केसांबाबत तेलाचे काम हेच आहे. तुटलेले सांधे ते जोडीत नाही आणि गेलेला स्निग्ध थर ते पुन्हा उगवीत नाही. जे उरले आहे ते आणखी झिजू नये, एवढे ते करते. आणि हे ‘एवढे’ थोडे नाही.

केसाची सर्वांत जास्त झीज कोठे होते? आपल्याला वाटते उन्हात किंवा वाऱ्यावर. प्रत्यक्षात ती बरीचशी न्हाणीघरात होते. पाण्यात भिजला की केस फुगतो. त्याची जाडी १० ते १५ टक्क्यांनी वाढते, लांबी मात्र जेमतेम एक-दोन टक्क्यांनी. पावसाळ्यात लाकडी दार फुगून चौकटीत अडकते आणि उन्हाळ्यात पुन्हा सैल होते. वर्षानुवर्षे असे झाले की दाराचे सांधे खिळखिळे होतात. केसाचेही तसेच. प्रत्येक न्हाण्याला तो फुगतो आणि वाळताना आकसतो. कौले उचलली जातात, खाली बसतात, पुन्हा उचलली जातात. ओला केस मुळातच कोरड्या केसापेक्षा नाजूक असतो. त्यातच आपण त्याला चोळतो, पिळतो, पंचाने फटकारतो आणि घाईघाईने विंचरतो. फणीबरोबर कौलांचे तुकडे निघतात आणि प्रथिनाचा अंश पाण्यावाटे वाहून जातो. कोऱ्या केसाला पाणी झटकून टाकण्याची निसर्गदत्त सोय असते. रंगविलेल्या केसाची ती सोय गेलेली असते. म्हणून प्रत्येक न्हाणे त्याला अधिक महाग पडते.

आता तेलाचे काम सहज लक्षात येईल. न्हाण्यापूर्वी केसात तेल मुरलेले असले, तर पाणी आत शिरण्याचा वेग मंदावतो, केस कमी फुगतो आणि फणी घसरत जाते. म्हणजे तेलाची खरी गरज धुण्यानंतर जितकी, त्याहून अधिक धुण्यापूर्वी असते.

ह्या बाबतीत मुंबईत झालेले संशोधन उल्लेखनीय आहे. आरती रेळे आणि आर. बी. मोहिले ह्यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खनिज तेल, सूर्यफुलाचे तेल आणि खोबरेल तेल ह्यांची तुलना केली. धडधाकट केसांबरोबरच ब्लीच केलेले आणि इतर प्रकारे इजा झालेले केसही त्यांनी तपासले. केसांतून होणारा प्रथिनाचा क्षय लक्षणीय प्रमाणात कमी करणारे तेल तिन्हींत एकच निघाले, ते म्हणजे खोबरेल. त्यापूर्वी २००१ साली ह्याच दोघांनी अमेरिकेत प्रिन्स्टन येथील वस्त्रसंशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांबरोबर केलेल्या कामात खोबरेल तेल केसाच्या आत शिरते आणि खनिज तेल शिरत नाही, असे दिसून आले होते. कापूस आणि लोकर ह्यांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेने केसाचाही अभ्यास करावा, ह्यातच केस आणि वस्त्र ह्यांचे नाते उघड होते.

खोबरेल तेलालाच हे का साधावे? त्याच्या घटकांपैकी जवळजवळ निम्मा भाग लॉरिक आम्लाचा असतो. त्याचा रेणू आखूड आणि सरळ असतो, आणि केसातील प्रथिनाकडे त्याची ओढ असते. त्यामुळे तो आत शिरू शकतो. सूर्यफुलाच्या तेलातील मुख्य घटकाचा रेणू लांब आणि वाकडा असतो. तो दारातच अडतो. खनिज तेलाचे केराटिनशी काहीच नाते नसल्यामुळे ते केवळ वर पसरते.

एक गोष्ट मात्र येथे प्रांजळपणे सांगितली पाहिजे. रेळे आणि मोहिले हे दोघे ज्या मॅरिको कंपनीच्या संशोधन विभागात काम करीत होते, ती कंपनी खोबरेल तेल विकते. एवढ्यावरून निष्कर्ष खोटा ठरत नाही. प्रयोगाची पद्धत छापलेली आहे आणि कोणालाही ती तपासता येते. परंतु कोणतेही संशोधन वाचताना ते कोणी केले आणि कोणाच्या खर्चाने केले, हे विचारण्याची सवय आपण विद्यार्थ्यांनी लावून घ्यावी. शिवाय ही तुलना तीनच तेलांची होती. जगातील सर्व तेलांत खोबरेल श्रेष्ठ, असे त्यावरून सिद्ध होत नाही.

कोणते तेल घ्यावे?

साधे, शुद्ध खोबरेल तेल रंगविलेल्या केसांसाठी चांगले, असे वरील विवेचनावरून म्हणता येईल. ते साधारण २४-२५ अंश सेल्सिअसच्या खाली थिजते. थंडीच्या दिवसांत बाटली कोमट पाण्यात धरावी, थेट आचेवर ठेवू नये. ज्यांना खोबरेलाचा वास सोसत नाही, त्यांनी तिळाचे किंवा बदामाचे तेल लावण्यास हरकत नाही. ही तेले खोबरेलाइतकी आत शिरली नाहीत, तरी केसावर पातळ लेप देऊन घर्षण कमी करतात.

सुवासिक केशतेल विकत घेताना बाटलीच्या पाठीमागचा बारीक मजकूर वाचावा. पुढे बदामाचे किंवा आवळ्याचे चित्र असते आणि मागे ‘लाइट लिक्विड पॅराफिन’ असे लिहिलेले असते. तेच खनिज तेल. ते विषारी नव्हे, चकाकीही देते. पण बदामाचे पैसे देऊन पॅराफिन घेण्यात शहाणपण नाही.

माका, जास्वंद, ब्राह्मी, आवळा घालून घरोघरी तेल उकळतात. त्याचा गंध आणि त्यामागचा जिव्हाळा मोलाचा आहे. परंतु अशा तेलाने पिकलेला केस पुन्हा काळा होतो किंवा दुभंगलेले टोक सांधते, असे मानण्यास आधार नाही. त्यातही केसाला वाचविण्याचे काम मुख्यतः करते ते मूळचे तेलच.

एरंडेल फार घट्ट असते. लांब, राठ आणि रंगविलेल्या केसांवर ते भरपूर थापून डोके चोळले तर गुंता होण्याचा धोका असतो. लांब केसांना एरंडेल लावल्यानंतर त्यांचा नमद्यासारखा घट्ट गोळा झाल्याची आणि अखेरीस केस कापावे लागल्याची हकिकत २०१७ साली एका भारतीय वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली होती. असे क्वचितच होते. तरीही एरंडेल वापरायचेच असेल तर दुसऱ्या पातळ तेलात थेंब-दोन थेंबच मिसळावे.

तेल कसे लावावे?

पद्धत साधी आहे. तिच्यात नेम मात्र हवा.

१. आठवड्यातून दोनदा केस धुवावयाचे असतील तर दोन्ही वेळा आदल्या रात्री, निदान दोन-तीन तास आधी, तेल लावावे. रोज लावण्याची गरज नाही.

२. केस कोरडे असताना, जाड दातांच्या कंगव्याने गुंता सोडवून घ्यावा. टोकापासून सुरुवात करून हळूहळू वर जावे.

३. खांद्यापर्यंतच्या केसांना चहाचे एक-दोन चमचे तेल पुरे होते. तळहातावर पसरून प्रथम टोकांना, मग मधल्या भागाला लावावे. आपण नेमके उलट करतो : टाळूवर तेल ओततो आणि टोके कोरडी राहतात. जुना, सोसलेला केस टोकाकडे असतो, हे पुन्हा आठवावे.

४. बोटांच्या पेरांनी हलकेच लावावे. जोराने रगडल्याने तेल अधिक आत जात नाही; गुंता मात्र वाढतो.

५. सैल वेणी घालावी आणि उशीवर जुने मऊ सुती कापड अंथरावे.

६. सकाळी सौम्य शॅम्पूने किंवा शिकेकाईने धुवावे. कपड्याचा किंवा अंगाचा साबण केसांना लावू नये. तो अल्कधर्मी असतो, आणि ज्या गावी विहिरीचे किंवा बोअरचे पाणी जड आहे तेथे त्याची चिकट राप केसांवर बसते. रंगविलेला केस ती अधिकच धरून ठेवतो.

७. धुतल्यानंतर टोकांना कंडिशनर लावावा. इजा झालेल्या भागावर ऋण विद्युत्भार अधिक असतो आणि कंडिशनरमधील धन भाराचे रेणू नेमके तेथेच चिकटतात. तेल धुण्यापूर्वीचे रक्षक, तर कंडिशनर धुण्यानंतरचा. त्यांच्यात वैर नाही.

८. पंचाने फटकारू नये. मऊ कापडात दाबून पाणी टिपावे आणि केस सावलीत वाळू द्यावेत. अर्धवट वाळल्यावर विंचरावे.

९. पुन्हा रंग लावण्याची वेळ आली, तर तो फक्त नव्याने वाढलेल्या मुळांनाच लावावा. आधीच रंगलेल्या लांबीवरून तो दर वेळी ओढत नेला तर टोकांना पुन:पुन्हा तीच शिक्षा भोगावी लागते.

तेलकट डोक्याने महाविद्यालयात यावयास संकोच वाटतो, अशी पुष्कळांची तक्रार असते. ‘चंपू’ किंवा ‘काकूबाई’ म्हणून होणारी थट्टा कोणाला आवडेल? परंतु ह्या पद्धतीत तो प्रश्नच उरत नाही. तेल रात्री लागते, सकाळी धुतले जाते आणि वर्गात येताना केस मोकळे, स्वच्छ असतात. गंमत अशी, की आपल्या परंपरेतील क्रमही हाच आहे. नरकचतुर्दशीच्या पहाटे आधी अभ्यंग आणि मग स्नान. ‘अष्टांगहृदया’तील दिनचर्येतही अभ्यंग स्नानाच्या आधी सांगितला आहे आणि तो मस्तक, कान व पाय ह्यांना विशेषेकरून करावा असे म्हटले आहे. पूर्वजांना लॉरिक आम्ल ठाऊक नव्हते, पण क्रम त्यांनी बरोबर धरला होता. तो आपण सणापुरता ठेवला आणि एरवी न्हाल्यानंतर तेल चोपडण्याची सवय लावून घेतली.

सावधगिरी

तेल सर्वांना आणि सर्व वेळी हितकर नसते. कलप लावल्यानंतर डोक्याच्या त्वचेला खाज, लाली, सूज किंवा पुरळ आले असेल, तर तेलाने ते शमविण्याच्या फंदात पडू नये; त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावे. पीपीडीची ॲलर्जी पहिल्याच वेळी होते असे नाही. कित्येक वेळा कलप सुखरूप लावल्यानंतरही ती उद्‌भवू शकते, आणि एकदा उद्‌भवली की बहुधा जन्मभर सोबत करते. म्हणून दर वेळी कलपाचा ठिपका कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूस लावून ४८ तास वाट पाहावी. हा कंटाळवाणा नियम पाळण्याजोगा आहे.

कोंडा असलेल्यांनी टाळूवर तेल मुरवत ठेवू नये. कोंड्याशी संबंधित असलेली मलासेझिया नावाची बुरशी स्निग्ध द्रव्यांवरच पोसते. अशांनी केवळ लांबीला आणि टोकांना तेल लावावे. कपाळावर मुरुमे येत असतील तर केसांच्या रेषेपासून तेल दूर ठेवावे. आणि तेल लावलेल्या केसांवर तापलेली इस्त्री, म्हणजे स्ट्रेटनर, कधीही फिरवू नये.

किती दिवसांत गुण येईल?

आमच्या वसतिगृहातील एका मैत्रिणीची हकिकत येथे सांगण्यासारखी आहे. स्नेहसंमेलनातील नृत्यासाठी तिने एका पार्लरमध्ये सोनेरी बटा करून घेतल्या. रंग मनासारखा उतरला नाही म्हणून महिन्याच्या आत पुन्हा रंग उडविला. त्यानंतर तिच्या फणीत रोज केसांचा पुंजका निघू लागला. घाबरून तिने न्हाल्यावर रोज भरपूर तेल चोपडण्यास सुरुवात केली. केस चिकट झाले, त्यावर धूळ बसू लागली, म्हणून ती रोज शॅम्पू करू लागली; आणि रोजच्या धुण्याने केस अधिकच तुटू लागले. तेल, धूळ आणि धुणे ह्या फेऱ्यात ती अडकली होती. सुट्टीत घरी जाताना ओढणी डोक्यावरून घेऊन गेली, कारण तिच्या घरात मुलीची लांब वेणी हा साऱ्यांच्या कौतुकाचा विषय होता.

पुढे तिने क्रम बदलला. आठवड्यातून दोनदा, न्हाण्याच्या आदल्या रात्री, मोजके तेल. टोकांकडचे चार बोटे केस आईच्या नाराजीला न जुमानता कापून टाकले. कलप बंद केला. पहिल्या पंधरवड्यात केस मऊ वाटू लागले. दोन-अडीच महिन्यांनी फणीत निघणाऱ्या तुकड्यांत फरक दिसला. सोनेरी भाग आजही राठच आहे. पण मुळाशी सहा-सात बोटे काळा, निकोप केस आला आहे. एका डोक्यावरून शास्त्र सिद्ध होत नाही, हे खरे. तरीही वर सांगितलेल्या तत्त्वांशी हा अनुभव जुळणारा आहे.

तेव्हा अपेक्षा नेमकी ठेवावी. मऊपणा आणि चकाकी पहिल्या काही न्हाण्यांतच जाणवते. तुटणे कमी व्हायला काही आठवडे लागतात. दुभंगलेले टोक कोणत्याही तेलाने जुळत नाही. ते कापणे हाच उपाय. आणि केस खऱ्या अर्थाने पहिल्यासारखे होतात ते नवे केस आल्यावरच. खांद्यापर्यंतचे ३० सेंटिमीटर केस पूर्ण नवे व्हायला महिन्याला एक सेंटिमीटर ह्या हिशेबाने अडीच वर्षे लागतात. ह्या अडीच वर्षांत जुन्या केसाला सांभाळून नेणे, तो मध्येच तुटू न देणे आणि नव्या केसावर तीच पाळी न आणणे, एवढेच आपल्या हाती असते.

सारांश, तेल हे रंगविलेल्या केसांचे औषध नाही. ते त्यांचे कवच आहे, आणि कवच लढाईच्या आधी चढवायचे असते. कलप लावावा की नाही, हा ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न आहे. त्याबद्दल कोणाला नावे ठेवण्याचे कारण नाही. ज्यांनी लावला असेल त्यांनी महागड्या उपायांमागे धावण्यापूर्वी स्वयंपाकघरातील खोबरेलाची बाटली, एक जाड दातांचा कंगवा आणि थोडासा धीर एवढे साहित्य गोळा करावे. पहिल्या दोन गोष्टी सहज मिळतात. तिसरी मात्र महिन्याला एक सेंटिमीटर ह्याच वेगाने वाढवावी लागते.